खालच्या आळीचा नळ

मला उर्दू येते, ह्याचा मला लई माज व्हता. आज कबूल करून राह्यलो. तवा कोणी तोंडावर म्हणलं आसतं तर त्याचं डोकं फोडलं आसतं.

मी कडूबा कुंभार. अंबडच्या अलीकडं आमचा कसबा, राज्य निजामाचं. तळ्यापासून गावात जमिनीखालून खापराचा नळ येतो, तो माझ्या पणजाच्या वक्ताचा. कुठं तडा गेला, कुठं चिंचेच्या मुळ्या आत शिरल्या, हे मी डोळे झाकून सांगायचो. फुटला की नवं खापर भाजून मीच बसवायचो. पण शेवटी शेवटी आठ दिवसाला फुटायला लागला. वरच्या पेठेत पाणी कमी अन् आमच्या खालच्या आळीच्या हौदात पाण्यापेक्षा गाळच जास्ती. आळीतला आड खारा, जनावर तोंड लावत न्हाई. म्हणून सरकारनं खापराच्या जागी बिडाचा, म्हंजे ओतीव लोखंडाचा, नळ टाकायचं ठरवलं, तवा सगळ्यात जास्ती खुश मी झाल्तो.

हैदराबादहून नळाच्या कामाचे ओव्हरशेर साहेब नकाशा करायला आले. वाट दाखवायला पुढं मी, मागं मोजायची साखळी ओढत मुनीर गवंडी. मुनीर आमच्याच आळीतला, घरात उर्दूच बोलतो. पण साहेबांसंग बोलायचा मान मी त्याला कशाला देऊ?

पेठेच्या वळणावर साहेब थांबले, मुनीर आजून साखळी घेऊन लांब मागं व्हता. ऊन मरणाचं, त्यांचा चेहरा लालभडक झाल्ता. उताराकडं छत्री करून त्यांनी विचारलं, उधर कुंभारांचा मोहल्ला हाये ना, त्याचं काय?

मी छाती पुढं काढून म्हणलो, "वो तो बिलकुल खाली है, साब."

माझ्या मनात साधं व्हतं. आमची आळी उताराला खाली हाये, पाणी आपसूक पळत येईल, तुमाला काही तकलीफ न्हाई. साहेबांनी विचारलं, कब से? मी म्हणलो, हमारे आजा के जमाने से. साहेब अफसोस म्हणले, कागदावर लिव्हलं अन् पुढं चालायला लागले. मला वाटलं, उतारावर राहणाऱ्या माणसाची कीव आली आसंल. मनात म्हणलं, काय भला माणूस हाये.

पुढच्या उन्हाळ्यात जालन्याच्या टेसनावरून बैलगाड्यांनी काळे नळ आले. चर खांदत खांदत वळणापाशी आला अन् सरळ पुढं गेला. मी काळजी केली न्हाई. म्हणलं, आधी पेठ उरकतील, मंग आपल्याकडं वळतील. माझी बायको दुर्गाबाई अन् मुनीरची आई रहिमुन्निसा, दोघींनी मिळून हौद घासला, आतून चुना मारला. रोज अर्धा कोस चढ चढून पेठेतून प्यायचं पाणी आणायचं, दुर्गाबाईच्या गुडघ्यात तर पाणीच राहिलं नव्हतं. ती म्हणायची, आता थोडेच दिस.

मंग साहेब आले अन् मुनीरला म्हणले, तळ्यापाशी जुन्या नळाचं तोंड दगड-चुन्यानं जल्दी बंद कर, आज नव्यात पाणी सोडायचं. मी पळत गेलो. म्हणलं साब, आमची आळी राहिली. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून नकाशा उघडला. मुनीरनं वाकून वाचलं अन् माझ्याकडं बघतच राहिला.

"कडूबा, इथं लिव्हलंय, कुंभारांचा मोहल्ला खाली."

"मंग? खालीच तर हाये."

"आरं बाबा, आमच्यात खाली म्हंजे रिकामा. ओस. नीचे म्हणायचं राहतं."

साहेबांना वाटल्तं, पिलेगाच्या साथीत ओस पडलेला मोहल्ला आसंल. तसे त्यांनी लई पाहिल्ते. मी त्यांच्या पायावर पडलो. माणूस वाईट नव्हता, मला उठवून बसवलं. म्हणले, नळ मोजून आलेत, एक तुकडा उरला न्हाई. नवी मंजुरी हैदराबादहून यायला दोन साल, जास्तीच लागंल. तू चुकीचं सांगितलं आसं लिव्हून दे. मी अंगठा दिला. मंग हात जोडून म्हणलो, तवर जुनं तोंड उघडं राहू द्या. त्यांनी न्हाई म्हणून मान हलवली. जुनं उघडं ठेवलं तर नवा नळ भरणार न्हाई, सगळी पेठ कोरडी मरंल. बराबर व्हतं त्यांचं. जन्मभर नळच केले, मला कळत न्हाई का? खोटं बोलतेत आसं वाटलं आसतं तर भांडता तरी आलं आसतं.

मुनीरनं दगड लावायला घेतले. त्याची आई त्याच हौदावर पाणी भरायची. एकदा थांबून तो म्हणला, आळीत मी काही सांगणार न्हाई, सरकारनं तोडलं म्हणू. मंग त्यानं चुना मागितला. मी दिला. शेवटच्या फटीतून पाणी आलं, बोटाएवढं, ते बी थांबलं.

आळीत आलो तर बायका सकाळपासून हौदाभवती घागरी मांडून बसल्या व्हत्या. मला सरकारचं नाव घ्यायचं व्हतं, खरं सांगतो, तोंडात आल्तं. पण दुर्गाबाईनं वर बघितलं अन् मी सगळं सांगून टाकलं. कोणी शिवी दिली आसती तर बरं वाटलं आसतं. रहिमुन्निसा घागर उचलून घरात गेली. दुर्गाबाईनं आपली घागर हौदाच्या कडेला पालथी घातली.

"इतके दिस वाटत व्हतं, पाणीच रुसलं," ती म्हणली. "तवर सोसवत व्हतं."

मी कावड घेतली अन् पेठेत गेलो. तिथं नव्या तोटीला धो धो पाणी, पोरंसोरं एकमेकाला भिजवून राह्यली व्हती. दोन घागरी भरून उतार उतरलो. घरी येऊन तांब्या भरला अन् दुर्गाबाईपुढं धरला. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, व्हट फुटल्ते. तिनं तांब्या हातानं बाजूला केला अन् भिंतीकडं तोंड करून पडली. घरात मी आणलेलं तेवढंच पाणी व्हतं.