मुठीतला खळगा

चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. माझ्या भरवशावर माणसं नवव्या मजल्यावर जायची आणि सुखरूप खाली यायची. त्यामुळे निवृत्तीनंतर बायकोच्या लाकडी पेनं बनवायच्या कामात हात घालताना मला भीती वाटायचं काही कारणच नव्हतं. लाकडाचे दोन तुकडे, त्यांच्या आत पितळी नळ्या, खाली टोक, मध्ये रिफिल आतबाहेर करणारी फिरकी, वर टोपण. "यात चुकायचं काय?" असं मी तिला विचारलंसुद्धा होतं. ती नुसतं "हं" म्हणाली. तिच्या "हं"वर आमच्या घरात समोरच्याने जरा विचार करायचा असतो. मी केला नाही.

लेथ तिचा, जोडणी माझी, अशी वाटणी होती. तिची एक खोड होती. तयार झालेले दोन्ही तुकडे ती एका लाल दोऱ्यात ओवून ठेवायची आणि टोकाकडच्या बाजूला गाठ मारायची. बाजू उलटसुलट होऊ नये म्हणून जोडणीच्या क्षणापर्यंत तो दोरा काढायचा नाही, असा नियम. मला तो पोरकटपणा वाटायचा.

मागच्या आठवड्यात एक नर्सबाई आल्या, ड्यूटी संपवून थेट आमच्याकडे. मी दोनदा स्टूल पुढे केलं. "नको काका, आता बसले तर उठायची नाही," म्हणाल्या, आणि उभ्याउभ्याच पिशवीतून एक लाकडी मूठ काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. वीतभर लांब, मधोमध दोरी ओवायचं भोक, काळपट आणि गुळगुळीत.

"माझी आई हातमागावर कापड विणायची. चाळीस वर्षं. ही मूठ हिसकली की धोटा आडवा धागा घेऊन या कडेहून त्या कडेला पळायचा. दोन महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि वाचा गेली. हात चालतो तिचा. डॉक्टर म्हणतात, लिहायला द्या. पण पेन दिलं की फेकून देते. ही मूठ दिली की मात्र सोडत नाही. हिचंच पेन होईल का?" मग त्या जरा थांबल्या. "दिवसभर सगळ्या वॉर्डाचं ऐकते मी. घरी आईला काय हवंय, ते मात्र कळत नाही."

बायकोने मूठ हातात फिरवली, अंगठ्याने कुठेतरी चाचपली. "शनिवारी पाचला आईंना घेऊनच या," म्हणाली.

चार दिवस ती त्या लाकडाला बिलगून होती. लेथचा आवाज थोडा आणि कानशीचा जास्त. मी काही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमचा संसार असाच चालत आलाय, दोघांपैकी एकाला माहीत असलं की पुरे.

शनिवारी दुपारी तिची पाठ धरली म्हणून ती आत जाऊन पडली. टेबलावर लाल दोऱ्यात ओवलेले दोन तुकडे. म्हटलं, उठेपर्यंत जोडून ठेवावं, खूश होईल. उचलून पाहतो तर दोन तुकडे जिथे भेटतात, नेमका तिथे एक दबलेला भाग. बोटाएवढा खळगा, अर्धा या तुकड्यात, अर्धा त्या तुकड्यात. मला वाटलं, लाकडातच खोट निघाली आणि बिचारीला ती काढता आली नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेत भरू नये म्हणून मी डोकं चालवलं. वरचा तुकडा निमुळता होता, त्याला इलाज नव्हता. खालचा दोन्हीकडून सारखाच होता. दोरा कापला, खालचा तुकडा उलटा केला आणि खळगा टोकाकडे घेतला. लिहिताना बोटांखाली झाकला जाईल, असा हिशेब. मग दाबयंत्राचा दांडा ओढला. टोक बसलं. दुसऱ्या बाजूने फिरकी बसवली, तीही लिफ्टवाल्याच्या हाताने. रिफिल घातली, वरचा तुकडा सरकवला, फिरवून पाहिलं.

रिफिलचं टोक आत जाईना. कितीही फिरवा, बाहेरच. फिरकी खोल गेली होती.

एवढ्यात ती उठून आली. माझ्या हातातलं पेन बघितलं, टेबलावर कापलेला दोरा बघितला. मी खळग्याचं स्पष्टीकरण द्यायला लागलो.

"खोट नाही ती, अहो," ती म्हणाली. "अंगठा आहे तो. चाळीस वर्षांचा."

खळगा तिने मुद्दाम राखला होता. बाकीचं लाकूड घोटलं, पण तेवढ्या भागाला पातंसुद्धा लागू दिलं नव्हतं. पेन लिहायला उघडलं की दोन अर्धे फिरून एकमेकांना भेटतील, अशी तिची योजना होती. आणि मी त्या म्हातारीचा अंगठा मधून तोडून टोकाला नेऊन ठेवला होता. दुसरी मूठ जगात नव्हती. साडेतीन वाजले होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पंखा बंद करा."

वरचा तुकडा ओढून निघाला, रिफिलही निघाली. खरी कसोटी खालच्या तुकड्याची होती. टोक मी ज्या बाजूला ठोसलं होतं, तिथेच खळग्यामुळे लाकूड नखाएवढं पातळ होतं. मी लाकूड आवळून धरायचा शिकंजा पुढे केला, तो तिने बाजूला सारला. जुन्या पर्सचं चामडं तुकड्याभोवती गुंडाळलं आणि तो डाव्या मुठीत धरला. "शिकंज्याला काही कळत नाही," म्हणाली. मग एक बारीक सळई फिरकीच्या पोकळीतून आत सोडली, टोकाच्या पाठीला टेकवली, आणि डोळे मिटले.

छोट्या हातोडीचा एक ठोका. थांबली. परत एक. मला दोन्ही ठोके सारखेच वाटले. तिने मान हलवली, मूठ किंचित फिरवली, पुन्हा ठोका. मी आयुष्यभर मोटारींचे आवाज ऐकले, दोर कुठे झिजलाय ते आवाजावरून सांगितलं. आपल्याला कान आहे, अशी माझी फुशारकी होती. इथे मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तिला सगळं येत होतं. लाकूड कुठे आवळतंय, कुठे सैल होतंय, ते ती तळहाताने ऐकत होती. दहा-बारा ठोक्यांनंतर आवाज बदलला, तो मात्र मलाही कळला. टोक टॉवेलवर पडलं. मी श्वास सोडला. तिने नाही.

दुसऱ्या बाजूने जाड सळई घालून तिने फिरकीही काढली. मग खळग्याच्या कडेवर नख फिरवलं, आणि एका जागी नख अडकलं. केसाएवढी चीर होती. माझ्या दांड्याची करामत. तिने पातळ गोंदाचा एक थेंब चिरेवर टेकवला आणि ओठ जवळ नेऊन हलकी फुंकर घातली. थेंब चिरेत शिरताना मी डोळ्यांनी पाहिला. वरून त्याच लाकडाचा भुसा चोळला. चीर मला पुन्हा सापडली नाही.

बत्तीस वर्षं ही बाई माझ्याशेजारी राहतेय. मी तिला कधी पाहिलीच नव्हती की काय, असं वाटून गेलं.

मग तिने तुकडा सुलट करून दाबयंत्रात ठेवला आणि बाजूला झाली. "दाबा," म्हणाली.

"मी?"

"जोडणी तुमची ना? थांब म्हटलं की थांबायचं."

मी दांडा धरला. तिने दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. टोक बसलं. फिरकी मी तिळातिळाने दाबली. थांब. रिफिल घालून बघितलं. अजून केसभर. थांब. वरचा तुकडा सरकवून तिने पेन फिरवलं. टोक आत गेलं. पुन्हा फिरवलं, टोक बाहेर आलं, आणि दोन अर्धे खळगे येऊन एकमेकांना मिळाले. मी अंगठा ठेवून पाहिला. माझ्या अंगठ्याला तो बसला नाही. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटलं.

पाचला नर्सबाई आईची चाकाची खुर्ची ढकलत आल्या. म्हातारीची मूठ मिटलेली, नजर भिंतीकडे. मांडीवर पाटी, पाटीवर कागद ठेवला. पेन हातात दिलं, तशी तिने ते फेकायला हात उचलला. मी डोळे मिटून घेणार होतो. पण हात वरच थांबला. अंगठा लाकडावरून सरकत सरकत आला आणि खळग्यात बसला.

मग तिने हात हिसकला, एकदम, जोरात. कागदावर आडवी रेघ उमटली. परत हिसकला, रेघ उलट्या बाजूने आली. रेघेखाली रेघ, एकसारखं अंतर. सात-आठ रेघा झाल्या. मग तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं, पायांपासून चेहऱ्यापर्यंत, बराच वेळ. आणि त्या रेघांखाली मोठी, वाकडी अक्षरं काढली.

"बस. दमलीस."

नर्सबाईंनी ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या.