घरात ड्रायव्हर असताना

रिटायर झाल्यावर माणसानं गुमान बसावं की नाही? पण बसतील तर ते किसनराव कसले. तीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस यूट्यूब पाहून पाहून आगपेटीएवढं एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवून बसला.

कारण मात्र खरं होतं. रोहणा गावातल्या त्यांच्या हरभऱ्यात रोज रात्री रोही, म्हणजे नीलगायी, घुसत. किसनराव राखणीला, जागलीला गेले की बसल्याजागी घोरत, म्हणून प्रमिलाबाई जात. दोन महिने झाले, बाई रात्रीची घरी झोपली नव्हती. किसनरावांना हे फार लागायचं. "आज रातच्याले तू घरीच झोपजो," असं त्यांनी सकाळी छातीठोकपणे सांगून टाकलं. जवळ काही हललं की बोर्ड बसवलेल्या डब्यातून प्रमिलाबाईंच्याच आवाजात "हाट्, हाट्" निघणार होतं. फक्त लॅपटॉपमधून प्रोग्राम बोर्डात जायचा होता.

तोच जाईना. बोर्डाचा लाल दिवा लागे, पण लॅपटॉप त्याला ओळखच देईना. पुण्याहून लेक काजल फोनवरून सांगू लागली.

"बाबा, ड्रायव्हर टाकला का?"

"तीनदा टाकला. तीनदा रिस्टार्ट केलं."

"मंग बसलाच नसंल. ड्रायव्हरशिवाय नाई चालत ते."

स्पीकरवरचं हे बोलणं चुलीपाशी प्रमिलाबाईंनी ऐकलं. बोर्डाची ओळख पटवणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? त्या उठल्या अन् तडक बाहेर पडल्या. दहा मिनिटांत त्यांच्यामागून शेजारच्या अण्णाजींच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर मोतीलाल हजर.

"काकू म्हणे, मशीन ड्रायव्हरवाचून अडलं."

किसनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरात तीस वर्षांचा ड्रायव्हर बसला हाये, अन् तू याले काऊन आणलं?"

"तुमच्यानं चालून राह्यलं का?" प्रमिलाबाईंनी विचारलं. किसनरावांनी बोर्ड मोतीलालपुढं सरकवलं.

मोतीलालनं वायर उलटसुलट करून पाहिली. "काका, हे कायचं वायर?"

"टॉर्चचं."

"मंग यातून निस्ती चार्जिंग होते. माल नाई जात. अशा वायरनं माह्या मोबाइलमंदी गाणे बी नाई येत." त्यानं खिशातून आपलं जाडं वायर काढलं अन् खुपसलं. लॅपटॉप टुण्णकन वाजला. ड्रायव्हर बिचारा केव्हाचाच बसला होता, त्याला रस्ताच नव्हता.

प्रोग्राम गेला. डबा "हाट्, हाट्" करून असा ओरडला की अंगणातली बकरी दोर तोडून पळाली. किसनरावांना भरून आलं. "आता झोप बिनघोर," ते म्हणाले.

"झोपीनच. पण हा डबा कोणी उचलून नेला मंग? परवा नाल्यावरची मोटर नेली चोरानं."

मोतीलालनंही मान डोलावली.

त्या रात्री प्रमिलाबाई दोन महिन्यांनी घरच्या खाटेवर निजल्या. अन् वावरात डब्याच्या जागलीला बसलेल्या किसनरावांना जरा डुलकी लागून मान हलली, की डबा बायकोच्या आवाजात त्यांनाच हाकलत होता.