मास्तरांच्या शर्टाचे टक्स

“छातीवर आवळतोय हो, दाजी! माप काय झोपेत घेतलंत?” ट्रायल रूमच्या पडद्याआडून मेहुणा कुरकुरला.

“माप बरोबर आहे. तूच सुटलायस,” टेलरमास्तर म्हणाले.

मेहुणा हसत बाहेर आला. “मी सुटलोय? आणि तुम्ही हो? एवढ्या उकाड्यात शर्टावर जाकीट! बघू तरी किती भरताय,” म्हणत त्याने मास्तरांच्याच गळ्यातली टेप ओढून त्यांच्या छातीभोवती टाकली.

मास्तरांनी त्याला असं ढकललं, की तो कापडाच्या ताग्यांवर जाऊन आपटला. शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या त्यांच्या बायकोचं मशीन थांबलं.

“थट्टा केली, दाजी,” तो चाचरला आणि निघून गेला.

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली, ट्रायल रूममध्ये शिरून पडदा ओढून घेतला. आत आरसा, स्टूल, आणि ते एकटे. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर बायकांच्या हार्मोनची गोळी सुरू होऊन वर्षं लोटली होती. गोळीने गाठ दाबून ठेवली, पण छाती वाढवली. इतकी हुळहुळी, की शर्टाची शिवणही सोसेना. जन्मभर लोकांची पोटं नि पोक कापडाने झाकलेल्या मास्तरांनी तेही निभावून नेलं. आता मात्र डावी पोटरी सुजून तापली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय सुजला तर रक्ताची गुठळी असेल, तडक या. गेलं की गोळी बंद. गोळी बंद, की गाठ मोकाट. न जावं, तर गुठळी काय परवानगी मागून वर फुफ्फुसात चढणार होती? म्हणून ते सैल पायजमा घालून गप्प होते.

पडदा सरला. बायको आत आली. दोघांना जेमतेम उभं राहता येईल एवढीच जागा. तिने काही न विचारता त्यांचं जाकीट उतरवलं, शर्टाच्या छातीवरून बोट फिरवलं. ब्लाउजला उभारासाठी घालतात, पण पुरुषाच्या शर्टाला कधी नसतात असे दोन टक्स, आतून घातलेले, इस्त्रीने दाबून टाकलेले.

“बोटभर खाली हवे होते,” ती म्हणाली. “इथे टोचत असणार. मला विचारायचं तरी. जन्म गेला माझा यात.”

“कधी कळलं?”

“घरात कपडे कोण धुतं?”

मास्तर आरशाकडे पाठ करून स्टुलावर टेकले. सैल पायजमा डाव्या पोटरीवर ताणला गेला. ती बघतच राहिली.

“गोळी बंद करतील गं.”

“दुसरं काही देतील.”

“आणि त्याने नाही भागलं तर?”

तिने त्यांच्या गळ्यातली टेप काढली, बोटांवर नीट गुंडाळली.

“तर मराल,” ती म्हणाली. “पण या पडद्यामागे एकटे नाही. उठा, चप्पल घाला.”