लाथ न मारणारा कॅमेरा

हेमकांतने घोड्याच्या किमतीचा कॅमेरा आणला आणि तो खिशात मावला. तिथेच आबांचं बिनसलं. एवढ्या पैशात घरी आलेली कुठलीही वस्तू आजवर चार माणसांशिवाय दारातून आत गेली नव्हती.

लेन्स एकच, अंगालाच चिकटलेली. निघत नाही, लांबत नाही. म्हणूनच अंधुक उजेडातही लख्ख बघते आणि आवाज करत नाही, असं हेमकांतने समजावलं.

"लांबनं जवळ दिसत नही, तं मंग हाई करस काय?" आबांनी विचारलं.

"आपण जवळ जावानं, आबा."

"म्हंजे पैसा बी आपला, पायपीट बी आपलीच."

दुकानदार सात दिवसांत माल परत घेत होता. सहाव्या दिवशी आबा हेमकांतला कॅमेऱ्यासकट सारंगखेड्याच्या यात्रेत घेऊन गेले. निकाल घोड्यांचे व्यापारी जब्बारभाई देणार होते. त्यांनी नको म्हटलं की उद्या कॅमेरा परत. ज्याला घोडा कळतो त्याला सगळं कळतं, असं आबांचं मत. आबांच्या मोतीबिंदूचा डॉक्टरही जब्बारभाईंनीच निवडला होता, चाल बघून.

जब्बारभाईंच्या पांढऱ्या घोडीने सकाळपासून लांब नळीचे तीन फोटोग्राफर पळवले होते. नळी दिसली की तिला इंजेक्शन आठवायचं. हेमकांत मात्र पार हातभर अंतरावर गेला. घोडीने कॅमेरा हुंगला, खाण्यातला नाही असं ठरवलं आणि डोळे मिटले. फोटोत तिच्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता.

जब्बारभाईंनी कॅमेरा हातात घेतला, झाकण उघडून आत पाहिलं, पोटाला कान लावला.

"जनावर गरीब शे," ते म्हणाले. "लाथ मारत नही."

मग त्यांनी आबांच्या हातावर रुमाल टाकला. यात्रेत भाव असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबायची, बाकी कुणाला कळत नाही. समोरच्याने उलट बोटं दाबली की सौदा पक्का.

आबांच्या भुवया टोपीत गेल्या. त्यांनी सावकाश हात काढून घेतला.

"घरनं जनावर इकानं नही शे."

भाव किती लागला, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. दुकानदाराच्या कानावर गेलं तर तो कॅमेरा परत मागायला येईल, अशी त्यांना भीती आहे.

वाटेत आबांनी घोड्याच्या साजाच्या दुकानातून दृष्टीचा निळा मणी घेतला आणि काळ्या दोऱ्याने कॅमेऱ्याला बांधला. तेव्हापासून हेमकांतच्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात मणी येतो. जवळ जाऊनही उपयोग नाही. मणीही बरोबर येतो.