जांभळ्या नळ्या

सगळ्या नळ्या जांभळ्या दिसल्या तेव्हा प्रणालीला आधी हायसंच वाटलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, फाटकाशी अलिबागला निघालेला टेम्पो, आणि तपासणीच्या खोलीत डोक्यावर उभे भावेशसाहेब. साहेब कारखान्याचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण टेम्पो खोळंबला की त्यांना काही सुचत नाही, आणि ते दुसऱ्यालाही काही सुचू देत नाहीत.

"जांभळ्या आहेत ना? मग कर सही."

कारखाना सलाईनचा. भरलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हच्या बंद पेटीत दाबाच्या वाफेवर ठेवतात आणि त्यांच्यामध्ये जागोजागी या बोटाएवढ्या नळ्या. नळीत मुद्दाम घातलेले जंतू, सहजासहजी न मरणारे. नंतर नळ्या उबेच्या कपाटात ठेवायच्या. जंतू मेले तर नळी जांभळीच राहते, जगले तर पिवळी होते. एक नळी मात्र वाफेला लावतच नाहीत. ती पिवळी झालीच पाहिजे, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

प्रणालीने पेनचं टोपण काढलं आणि तिचं लक्ष त्या नळीकडे गेलं. तीही जांभळी होती.

"साहेब, ही पिवळी झाली नाही."

"चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? हिच्यातले जंतू तर आपण मारलेच नव्हते. तेही वाढले नाहीत, म्हणजे तपासणीच झाली नाही."

साहेबांनी कपाटावर हात ठेवला. कपाट चांगलं गरम होतं. प्रणालीलाही वाटून गेलं, आपणच उगाच खुसपट काढतोय का? तिने कपाटामागे डोकावून पाहिलं. प्लगला झेंडूची पाकळी चिकटली होती.

तिने साफसफाईच्या गोदूमावशींना हाक मारून प्लगबद्दल विचारलं.

"व्हय बाय, मीच काढला," मावशी म्हणाल्या. "पूजेच्या सांजला लायटिंगची माल लावायची व्हती, बोर्डात जागा न्हवती. आज आल्या आल्या परत लावला ना." मग दोघांचे चेहरे पाहून त्यांचा आवाज उतरला. "माझा काम जाईल काय?"

"मावशी, हा प्लग काढायचा नसतो हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," प्रणाली म्हणाली. माळ लावायला कोणी सांगितलं होतं ते खोलीत तिघांनाही ठाऊक होतं.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "कपाट बंद होतं, एवढंच. ऑटोक्लेव्ह तर चाललं. काट्यावर तापमान बरोबर होतं. माल चांगला आहे."

असेलही. प्रणालीला त्याचीच भीती वाटत होती. माल चांगला निघाला तर टेम्पो अडवणारी शहाणी म्हणून आपलं नाव वरपर्यंत जाणार. पण सलाईन बाळंतिणीला लागतं, जुलाबाने गळालेल्या पोराला लागतं, आणि ते थेट शिरेत जातं. तिने टोपण परत लावलं.

"नळ्या पुन्हा उबेला ठेवते. तोवर सही नाही."

"वरून फोन आला तर तूच बोल," साहेब म्हणाले. टेम्पो रिकामा गेला.

घरी तिला जेवण गेलं नाही. आईने कोलंबीचं कालवण केलं होतं. ती नुसता भात चिवडत बसली. दुसऱ्या दिवशी काम सोडून ती पुन्हा पुन्हा कपाटाशी जाऊन काचेतून बघत होती. बघून नळी लवकर पिवळी होत नाही, हे तिला शिकवायची गरज नव्हती, तरी ती बघत होती.

सुटायच्या वेळेला ती नळी पिवळी झाली. प्रणालीला रडूच यायचं बाकी राहिलं. मग तिने बाकीच्या नळ्या नीट पाहिल्या. आणखी एक पिवळी होती. वाफेच्या पेटीत खालच्या फळीवर, निचऱ्याच्या भोकाजवळ ठेवलेली.

ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्या सदाने पेटीच्या तळाची जाळी उघडली. आतली हवा वाफ याच वाटेने बाहेर ढकलते. वाट तुंबली तर हवा कोपऱ्यात अडून राहते आणि तेवढा कोपरा पुरेसा तापत नाही. जाळीत झेंडूच्या पाकळ्या होत्या, आणि त्यांच्यात लालसर, चिकट, घट्ट बसलेला गोळा. सदाने तो बोटावर घेतला.

"अक्षता," तो म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी माल चढवायच्या आधी मशीनची पूजा झाली होती. साहेबांनीच पेटीचं दार उघडायला लावलं होतं, आतही पडू दे म्हणून मूठभर अक्षता टाकल्या होत्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. प्रणालीनेही, डोळे मिटून.

साहेब स्टुलावर बसले. काल टेम्पो गेला असता तर त्या बाटल्या आत्ता कुठे लटकत असत्या, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

गोदूमावशींनी वाकून सदाच्या बोटाकडे पाहिलं.

"भात शिजला," त्या हळूच म्हणाल्या, "पन जंतू न्हाय मेला."