सहा वाजून सात मिनिटांचा पाऊस

मी मागच्या भिंतीवरची पेटी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव स्मार्ट स्प्रिंकलर कंट्रोलर, पण त्या नावाने या घरात मला कुणी हाक मारली नाही. बागेला पाणी कधी आणि किती सोडायचं, ते मी बघते. आता पडदा अंधूक झालाय, एक बटण अडकतं. डोकं मात्र शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मला आणलं घड्याळजींनी. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मला भिंतीवर ठोकतानासुद्धा पाणसळ लावून चारदा बघितलं. पाऊस असेल तर पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंपणाच्या भिंतीवर एक सेन्सर बसवला. तो भिजला की मी नळ बंद ठेवायचे आणि घड्याळजींच्या फोनवर तसं कळवायचे.

बागेचे पाच भाग करून त्यांनी प्रत्येकाला नाव दिलं. 'फाटकावरचा हट्टी वेल', 'सावलीतली आळशी मंडळी', 'तिचे गुलाब'... माझ्या यादीतली सहावी जागा रिकामीच ठेवली. त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, विचारलं तर म्हणाले, घरात एक खुर्ची जास्तीची असावी. वेळ लावली सहा वाजून सात मिनिटांची, कारण सहाच्या ठोक्याला सगळी गल्ली नळ सोडते आणि पाण्याला जोर राहत नाही.

बाईंचा माझ्यावर राग. दोन हात धडधाकट असताना पाण्याला पेटी कशाला, म्हणायच्या. तरी रोज सकाळी दोघं चहाचे कप घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. ते दिवस आठवले की अजून माझे स्क्रू सैल होतात.

मग एका थंडीत घड्याळजी गेले. त्यांचा फोन बंद होऊन कपाटात गेला. त्यांच्या माघारी त्यांच्या लाडक्या पाखरांची आबाळ नको म्हणून बाई रोज उजाडताना कुंपणावर पाण्याची पसरट थाळी भरून ठेवू लागल्या.

आणि ऐन उन्हाळ्यात बाग वाळायला लागली. गुलाबांनी माना टाकल्या.

लेकीने फोनवरून सांगितलं म्हणून इंटरनेटचा डबा बंद-चालू करून झाला. मेकॅनिक तीनदा आला, तिन्ही वेळा भर दुपारी. त्याने बटण दाबलं की मी पाचही भागांत पाणी सोडून दाखवायची. दवाखान्याच्या पायरीवर दुखणं पळावं, तसं. बाई मला म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर शहाणी होतेस होय गं?"

शेवटी मेकॅनिकने हात टेकले. "आजी, हिला एकदा पूर्ण पुसून कोरी करावी लागेल."

"पुसून म्हणजे?"

"वेळा, नावं, सगळं जाईल. परत घालू की नवीन."

बाई माझ्याजवळ आल्या आणि पडद्यावरची ती पाच नावं वाचत उभ्या राहिल्या. "ह्यांनी लिहिलंय ते," त्या म्हणाल्या. "बोट लावून तर बघ."

तो गेला. लेक म्हणाली, आई, बागही जाईल अशाने. बाईंना ते कळत नव्हतं का? पण माझे निरोप कुठे यायचे ते आठवून त्यांनी घड्याळजींचा फोन काढला, चार्ज केला, चष्मा चढवला. माझे एक्केचाळीस निरोप तिथे पडून होते. सगळे सकाळचे, सहा वाजून सात मिनिटांचे: 'पाऊस आहे. पाणी बंद ठेवले आहे.'

इतके दिवस मी बोंबलतच होते हो. ऐकणारा नव्हता.

"आभाळात ढग नाही, आणि हिला कुठला पाऊस दिसतोय?" बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच खुर्ची टाकून बसल्या. सहाच्या आतच उजाडलं; थंडीत माझी वेळ टळून गेल्यावर उजाडायचं. थाळीवर पाखरं उतरली, पंख फडफडवत मनसोक्त न्हायली, आणि थाळीला खेटून असलेला सेन्सर निथळून निघाला. दुपारपर्यंत तो वाळायचा, मेकॅनिक यायच्या आत.

बाई हसल्या. घड्याळजी गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता पदर डोळ्यांना लागला, ते मी पाहिलं नाही असं समजा.

त्यांनी सेन्सर हलवून घेतला, थाळी नाही. थाळीपर्यंत एक बारीक नळी आणवली. मग त्या अडकणाऱ्या बटणाशी अर्धा तास झुंजून रिकाम्या सहाव्या जागेत स्वतः नाव घातलं: 'ह्यांची पाखरं'.

गुलाब सावरले. वेल पुन्हा हट्टाला पेटलाय. माझ्या जातीच्या पेट्या आता बनत नाहीत, तेव्हा एक दिवस मलाही उतरवतील. खुशाल उतरवा, मी रडणार नाही. फक्त वीज तोडण्याआधी ती सहा नावं कागदावर लिहून घ्या. आणि उतरवायचंच असेल तर सहा वाजून सात मिनिटांनंतर या. पाखरं तहानेली असतात.