ताईच्या तोंडाचं माप

“आ कर ताई. अजून मोठा. माझ्यापुढे लाजतेस कसली?”

कवळ्या घडवणाऱ्या धाकटीने माप घ्यायच्या गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे थोरलीच्या बोळक्या तोंडात बसवला आणि दोन बोटांनी दाबून धरला. दुपारच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. लगदा घट्ट होईपर्यंत थोरलीला गप्प बसणं भाग होतं. तेवढ्यात धाकटी तिच्या कानाशी लागली.

“पगार वाढला. दीड हजार! तुझे दात त्यातूनच. पण कुणाला बोलू नकोस हं.”

थोरलीने भरल्या तोंडाने डोळे मिचकावले. आत्ता कुठं बोलता येतंय, असं.

पंधरा दिवसांत घरमालकीण दारात. भाडं दीड हजाराने वाढलं. छदाम कमी नाही, छदाम जास्त नाही.

धाकटी तडक थोरलीकडे गेली. एका पाळण्यात निजलेल्या, एका फणीने विंचरलेल्या, एकीला ठेच लागली तर दुसरीच्या डोळ्यांत पाणी. पण त्या दिवशी धाकटीची जीभ तिची राहिली नाही.

“तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंडाला कुंपणच उरलं नाही तुझ्या! पुन्हा माझ्यासमोर उघडू नकोस ते.”

थोरलीने ओठांवर हात ठेवला. बस्स, तेवढंच.

चार महिन्यांनी धाकटी गळक्या नळाची तक्रार घेऊन घरमालकिणीकडे गेली.

“नळ बघू हो. पण गेल्या महिन्यात तुमचा चार दिवसांचा पगार कापला गेलाय. भाडं वेळेवर येईल ना?”

तापाचे ते चार दिवस धाकटीने भिंतीलासुद्धा सांगितले नव्हते. थोरलीशी तर बोलणंच तुटलं होतं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अहो, तुमची लॅब पगाराचं काम बाहेरच्या कंपनीला देते. ती कंपनी विकते माहिती. सगळ्याच भाडेकरूंची घेते मी.” तिने कागद पुढे सरकवला. पगार, वाढ, रजा, सगळं तारखेनिशी. “आधी तुमच्या पगाराचं विचारायला ताईंनाच गाठलं होतं बाजारात. मला काय ठाऊक, म्हणाल्या. पक्क्या आहेत हो! मग म्हटलं, चार पैसे टाकलेले बरे.”

फळीवर धूळ खात पडलेला ताईच्या मापावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा धाकटीने खाली उतरवला. आठ दुपारी उपाशी बसून एकेक दात लावला.

कवळी घेऊन आलेल्या धाकटीला थोरलीने दार उघडलं. खुर्चीत बसली आणि न सांगताच आ केला.

“ताई, चुकले गं मी. ती बाई माझी माहिती विकत घेत होती. तू काही सांगितलं नव्हतंस.”

थोरलीने मान डोलावली. जणू पलीकडच्या गल्लीतल्या कुणाची गोष्ट ऐकत होती.

धाकटीने कवळी बसवली. “टोचतंय का कुठं?”

मान आडवी हलली.

“चावून बघ. नीट सांग, घासून देते.”

पुन्हा आडवी.

धाकटीने कवळी काढून उजेडात धरली. कडेला रक्ताचा ठिपका होता. चार महिन्यांत हिरड्या झिजल्या होत्या आणि माप जुनंच होतं.

“अगं, लागतंय की! सांगायचं नाही का?”

थोरलीने तोंड मिटलं आणि ओठांवर हात ठेवला.